नेकेसाचं बारसं

आमच्या वाडीत गेल्या पंचवीस वर्षांत ज्या ज्या बाळाचं बारसं झालं, त्याचा पाळणा मी म्हटलेला आहे. ही फुशारकी वाटली तर वाटू दे, आहेच ती. पाठ केलेले पाळणे कुणीही म्हणतं. मी प्रत्येक बाळाला नवा बांधते. त्यात बाळाचं नाव आलं पाहिजे, नावाचा अर्थ आला पाहिजे, घरातली माणसं आणि दारातलं झाडसुद्धा आलं पाहिजे. दापोली तालुक्यातल्या आमच्या बाजूच्या चार गावांतून मला बोलावणं येतं. शेतीचं काम असेल तर मी बारसं पुढे ढकला म्हणून सांगते. लोक ढकलतात.

त्यामुळे सख्ख्या भावाने आपल्या पहिल्या मुलीचं बारसं माझ्यासाठी दोन महिने अडवून ठेवलं, यात नवल काही नाही. महेश माझ्याहून बारा वर्षांनी लहान. बहारीनला एका हॉटेलात एसीची कामं बघतो. त्याची बायको शीतल तिथेच एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. मुलगी झाली ती ऐन कापणीत. आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि ह्या आत्याने फोनवर सांगून टाकलं होतं, की भात घरात आल्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही. मी लग्न केलं नाही, शेती केली. त्यामुळे माझ्या अटींवर घरात फारसं कुणी बोलत नाही.

झोडणी चालू असतानाच मी नाव पक्कं केलं होतं, भार्गवी. आपली परशुरामाची भूमी, तिला शोभेल असं. खळ्यावर पेंढ्या आपटता आपटता पाळणाही बांधून झाला. आईला म्हणून दाखवला, तर ऐंशी वर्षांची आई, जी माझ्या कुठल्याच गोष्टीला कधी चांगलं म्हणत नाही, ती म्हणाली, "बरा हाय." एवढं प्रशस्तिपत्र घेऊन मी डिसेंबरात विमानात बसले.

मुहर्रक

विमानतळ मुहर्रकला आहे, समुद्राला अगदी चिकटून. वरून बघितलं तर पाणी इतकं फिकट आणि उथळ, की आपल्या हर्णैच्या समुद्रात कुणीतरी ताक ओतावं तसं दिसत होतं. मी खाली उतरले, रांगेत उभी राहिले, शिक्का मिळाला, सगळं सुरळीत. मग माझी बॅग यंत्रातून गेली आणि यंत्राजवळचा माणूस उठून उभा राहिला.

बॅगेत नवे तांदूळ होते, पोहे होते, सोलं होती, सात पिशव्यांत बांधलेली सुकट होती. ह्यातलं काहीही त्यांना खटकलं नाही. खटकला तो वरवंटा.

आता बारशाला वरवंटा लागतो हे तुम्हाला ठाऊक असेल. बाळाला पाळण्यात घालण्याआधी पाट्याचा वरवंटा फडक्यात गुंडाळून, पाळण्याच्या वरून खालून फिरवून आधी त्याला झोपवायचं. म्हणजे बाळ दगडासारखं घट्टमुट्ट होतं. महेश फोनवर सांगून दमला होता, की ताई, इथे मिक्सर आहे, दगड कशाला आणतेस. मी म्हटलं, मिक्सरचं भांडं झोपवणार आहेस का पाळण्यात?

तिथली अधिकारी एक तरुण मुलगी होती. काळी पायघोळ अबाया, त्यावर गणवेशाचं जाकीट, डोळ्यांत काजळ. तिने वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि सफाईच्या कामावरच्या एका हैदराबादी माणसाला हाक मारली. तो मध्ये उभा राहून हिंदीचं अरबी करू लागला.

"मॅडम पूछती है, ये क्या है?"

"पत्थर."

"किस के लिए?"

"बच्चे के लिए."

त्याने ते सांगितलं की नाही कोण जाणे, कारण तो माझ्याकडेच बघत राहिला. मग मी वरवंटा तिच्या हातातून घेतला, पदरात गुंडाळला, झोके दिले आणि माझ्या हिंदीत समजावलं, की पहिले ये सोता है, फिर बच्चा सोता है. ये बडा भाई है. हैदराबादी माणसाने हे सगळं अरबीत सांगितल्यावर त्या मुलीने तोंडावर हात ठेवला. मग काहीतरी म्हणाली.

"मॅडम पूछती है, बडे भाई का नाम क्या है?"

"गोविंद," मी म्हटलं. आमच्याकडे तसंच म्हणतात.

"यल्ला, गोविंद," म्हणजे चल गोविंद, असं म्हणून बॅगेची चेन तिने स्वतः लावून दिली.

महेश बाहेर उभा होता. तीन वर्षांनी बघत होते मी त्याला. पोट सुटलंय आणि कानाशी पिकलाय, पण हसतो तसाच. घरी जाण्याआधी त्याने मला मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांतून फिरवलं. बोळ इतके अरुंद की दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला माघारी जावं लागावं. जाड भिंती, कोरलेले लाकडी दरवाजे, आणि दरवाज्याशी चपलांचा ढीग. एका भट्टीवरून त्याने गरम खुबूस घेतली. ही तिथली रोटी, भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून भाजतात, आपल्या घडीच्या पोळीपेक्षा मोठी. आम्ही ती गाडीच्या बॉनेटवर ठेवून नुसत्या चहाबरोबर खाल्ली. पोळी आयती, गरम आणि कुणाच्याही बायकोने न लाटलेली. घरोघरच्या बायकांचा केवढा वेळ वाचत असेल, हे मला फार आवडलं.

झिंज

महेशचं घर झिंजमध्ये, चौथ्या मजल्यावर. खाली एक कोल्ड स्टोअर आहे. तिकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला असं म्हणतात. गाडीतून उतरायचंही नाही, नुसता हॉर्न दिला की दुकानदार दूध घेऊन बाहेर येतो. आमच्या वाडीतल्या वाण्याला कुणी असं हॉर्न देऊन बघावं!

बाळ झोपलेलं होतं. मी हात धुतले आणि उचललं. काळंसावळं, कपाळ आमच्या बाबांचं, आणि मूठ अशी घट्ट की माझं बोट सोडेना. दोन महिन्यांची पोर आणि अजून तिला हाक मारायला नाव नाही. घरात तिला 'बाय' म्हणत होते.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, ऐका, पाळणा ऐकवते. भार्गवीचा पाळणा मी दोन कडवी म्हटला आणि वर बघितलं. महेश शीतलकडे बघत होता, शीतल महेशकडे.

"ताई," शीतल म्हणाली, "आम्ही एक नाव ठरवलंय. तुम्हाला फोनवर सांगणार होतो, पण समोर सांगावं असं वाटलं."

"सांग की."

"नेकेसा."

मला वाटलं काहीतरी बंगाली असेल. महेश म्हणाला, "केनियातलं आहे गो. माझ्याबरोबर हॉटेलात एक बाई आहे लाँड्रीला, तिचं नाव."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. देवांची नावं संपली का, नद्या आटल्या का, आपल्या भाषेत दुष्काळ पडला का, असं सगळं बोलून झालं. महेश ऐकून घेत होता. शीतल उठली, फोन घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. मुलांच्या नावांचं एक पान तिने उघडलं होतं. ती वाचून मराठीत सांगू लागली, की नेकेसा हे मुलीचं नाव, पश्चिम केनियातल्या लुह्या लोकांचं. अर्थ, कापणीच्या हंगामात जन्मलेली. लोकप्रियता, फारच दुर्मिळ.

"कापणी?" मी म्हटलं. "ह्या वाळूत कसली कापणी, शीतल? खाली दुधाला हॉर्न मारता तुम्ही. कापणीशी ह्या पोरीचा संबंध काय?"

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. शेजारची सून तिला फोन लावून देते, पण आई तो असा धरते की आपल्याला फक्त तिचं कपाळ दिसतं. मी सगळं सांगितलं. कपाळावरच्या आठ्या वाढल्या.

"त्याला सांग, आमी मेल्यावर काय ती नावं ठेव," कपाळ म्हणालं. "तू भार्गवीच ठेव. कानात सांगणारी तू हायस ना?"

हे खरं होतं. कानात सांगणारी मीच. एकदा आत्याच्या तोंडून बाळाच्या कानात नाव गेलं की ते पुसत नाही, असं आमच्याकडे मानतात. आणि अर्थ पटल्याशिवाय एकही नाव माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. मी तसं दोघांना बजावलं. भांडण झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण शीतल म्हणाली, "ताई, मान तुमचा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर भार्गवी ठेवू, आणि मी तोंड वाकडं करणार नाही. फक्त एकदा नेकेसाला भेटा. शुक्रवारी तिला सुट्टी आहे."

अशी भावजय मिळाली म्हणजे नणंदेची मोठी पंचाईत होते.

झल्लाक

शुक्रवारी आम्ही निघालो. बाळ आणि शीतल घरीच राहिली. झल्लाक पश्चिम किनाऱ्याला. वाटेत उघडं माळरान लागतं, झाड नाही, बांध नाही, गुरं नाहीत. रस्त्याच्या कडेने तेलाचे पाईप जमिनीवरून पळत असतात. मी शेतकरी डोळ्यांनी बघत होते आणि मला राहून राहून वाटत होतं, की एवढी जमीन आणि कुणाची नांगरटच नाही! मध्येच खजुरांची एखादी राई दिसली की बरं वाटायचं. मग हॉटेलं आली आणि समुद्र आला. लाट अशी नाहीच. पाणी येतं आणि पायाशी उभं राहतं.

नेकेसा झावळ्यांच्या एका झापाच्या सावलीत सतरंजी पसरून बसली होती. चाळिशीची असेल. ठेंगणी, भरल्या अंगाची, फुलाफुलांचा लांब झगा, डोक्याला त्याच कापडाचा रुमाल. मला बघताच उठली आणि दोन्ही हात हातात घेतले. बहारीनमध्ये भारतीयांबरोबर राहून ती हिंदी शिकली आहे. तिचं हिंदी आणि माझं हिंदी दोन्ही सारखंच लंगडं असल्यामुळे आमचं छान जमलं.

आधी जेवण. तिने उगाली आणली होती. मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणा, सुरीने कापता येईल इतकी घट्ट, आणि बरोबर कांदा-टोमॅटोत परतलेली पालेभाजी. हाताने गोळा मोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा, त्यात भाजी घ्यायची. मी तांदळाचे घावन आणि सुकटीची चटणी नेली होती. सुकट तिने वास घेऊन बघितली आणि चेहरा उजळला. तिच्या गावाजवळच्या तळ्यात बारीक मासे मिळतात, तेही असेच वाळवतात म्हणाली. सगळी चटणी तिने संपवली. महेश आशेने बघत होता, त्याला मिळाली नाही.

"दीदी का खेत में बंदर आता?" तिने अचानक विचारलं.

वांदर! तिने माझ्या दुखऱ्या नसेवरच बोट ठेवलं. मी सांगितलं, की वांदरं येतात, डुकरं येतात, भात पोटरीला आलं की टोळीच्या टोळी उतरते, मी फटाके लावते, डबे बडवते, बुजगावण्याला माझी जुनी साडी नेसवली तर वांदरं त्याच्याच खांद्यावर बसली. ती हसून हसून आडवी झाली. तिच्या आईच्या मक्याला पण वांदरं येतात. आणि बाईमाणूस राखणीला असलं तर घाबरत नाहीत, म्हणून तिची आई मुलाची पँट घालून शेतात जाते. म्हणजे केनियातलं वांदरही आमच्याकडच्या वांदरासारखंच माणूस बघून वागतं! अर्धा तास आम्ही दोघींनी वांदरांना यथेच्छ शिव्या दिल्या. इतकं मोकळं मी बहारीनमध्ये आल्यापासून बोलले नव्हते.

मग मी मुद्द्यावर आले. म्हटलं, तुझ्या नावाचं सांग. नेटवर लिहिलंय की फार दुर्मिळ आहे.

"रेअर?" महेशने इंग्रजीत सांगितल्यावर तिने कपाळावर हात मारला. "मेरा गाव में आवाज दो, नेकेसा! आधा बाजार पीछे देखेगा."

तिच्या बुकुसू लोकांत, म्हणजे लुह्यांतल्या त्यांच्या पोटजातीत, नाव शोधत बसायची भानगडच नाही. मूल झालं त्या वेळी शेतात जे चाललं असेल तेच त्याचं नाव. कापणीत झालेली नेकेसा. बेणणीत, म्हणजे तण काढायच्या दिवसांत, झालेली नलियाका. पावसात झालेली नाफुला, उन्हाळ्यात झालेली नासिमियु. कणग्या रिकाम्या असताना जन्मली तर नान्जाला, म्हणजे भुकेच्या दिवसांतली. त्या नावाचीही कुणाला लाज नाही, उलट भुकेतून तगलेली म्हणून तिला मान जास्त. मुलगा असेल तर नेकेसाचं वेकेसा होतं. तिची स्वतःची मुलगी गावी आजीजवळ असते, तिचं नाव नलियाका.

ऐकता ऐकता मी मनात मोजू लागले. आमच्या वाडीत देवीच्या नावाच्या किती, फुलांच्या किती, आणि आता टीव्हीतल्या किती मुली आहेत. माझ्या सगळ्या पाळण्यांत मी चंद्र, मोती, हिरे, माणकं गुंफली. ज्या कामावर आमची घरं उभी आहेत, लावणी, बेणणी, कापणी, त्याचं नाव आम्ही कुणी पोरीला ठेवलं नाही. का नाही ठेवलं? मलाही कधी सुचलं नाही, आणि मी तर स्वतःला मोठी पाळणेवाली समजते.

"यहां आके पहला नौकरी में साहब बोला, तेरा नाम मुश्किल है, तू ग्रेस," नेकेसा सांगत होती. "दो साल मैं ग्रेस था. फिर खलास. ये हॉटेल में बोला, मेरा बॅज पर नेकेसा लिखो. जिस को बोलना नहीं आता, वो पढेगा."

ही बाई मला फार आवडली. तरी माझा प्रश्न होताच. मी म्हटलं, तुझं बरोबर आहे, तू कापणीत जन्मलीस. पण आमची पोर इथे जन्मली. इथे कसली कापणी?

तिने महेशकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भाई ने नहीं बताया?"

महेश वाळूत बोटाने रेघा ओढत होता.

"वो मिठाई लेके लाँड्री में आया," नेकेसा म्हणाली. "मैं पूछा, तेरा घर में, खेत में, आज क्या काम चलता? हमारा आदत है, हम बच्चा देखने से पहले यही पूछता. वो बोला, मेरा बहन चावल काटता. बच्ची हुआ बताने को सुबह से फोन करता, मगर वो उठाता नहीं, वो खेत में है. फिर बोलता ही रहा, बोलता ही रहा. मेरा बहन पूरा खेत अकेला संभालता. मेरा बहन है इसलिए मेरा खेत है. मैं बोला, तो फिर नाम क्यों ढूंढता? बच्ची इधर हुआ, मगर घर तो उधर है. घर में कटाई है. बच्ची नेकेसा है."

त्या दिवशीचं मला सगळं आठवलं. वरच्या मळ्यात आम्ही सहा बायका कापत होतो. आभाळ दाटून आलं होतं आणि कापलेलं भात भिजायच्या आत उचलायचं होतं. फोन पिशवीत, पिशवी आंब्याच्या फांदीला. शेवटचा भारा उडवीवर रचून झाला तेव्हा मी पिशवी उघडली आणि बांधावर उभी राहून ऐकलं, की मला भाची झाली. पायाला चिखल, डोक्यात पेंढ्याचं कूस, आणि मी बांधावर एकटीच हसत होते.

"मला का नाही सांगितलंस रे?" मी महेशला विचारलं.

"काय सांगू?" तो मान वर न करता म्हणाला. "तुझ्यावरून नाव ठेवतोय म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस? म्हणाली असतीस, माझी थेरं नकोत."

असंच म्हणाले असते, हे खरं. बाबा गेल्यापासून ते शेत मी करते. सातबारावर नाव महेशचं, आणि गावही त्याला 'महेशचं शेत' म्हणतं. मला त्याचं वाईट वाटतं असं मी कधी बोलले नाही, कारण वाटत नव्हतं. पण त्या परक्या किनाऱ्यावर, त्या लाँड्रीतल्या बाईच्या तोंडून माझं काम मला ऐकू आलं आणि माझा ऊर असा भरून आला की मला उठून पाण्याकडे जावं लागलं. अभिमान वाटला, दुसरं काही नाही. भावाचा वाटला, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त माझा वाटला.

पुन्हा झिंज

शनिवारी संध्याकाळी बारसं. म्हणजे नवा पाळणा बांधायला माझ्याकडे एक रात्र आणि एक सकाळ होती. भार्गवीचा पाळणा मी मोडून त्यातलं काही वापरता येईल का बघितलं. एक ओळ चालेना. मोती, पोवळी, सगळी गळून पडली. शेवटी घुगऱ्यांचे हरभरे निवडता निवडता ओळी सुचू लागल्या, तेव्हा जिवात जीव आला.

पाळण्याचीही फजिती होती. शीतलच्या मैत्रिणीने दिलेला पाळणा म्हणजे चार चाकांचा लाकडी पिंजरा. तो ढकलता येतो, झुलत नाही. न झुलणाऱ्या पाळण्यात मी पाळणा कसा म्हणणार? महेशने शेजाऱ्याकडून व्यायामाची लोखंडी चौकट आणली, ज्याला लटकून लोक दंड कमावतात, आणि तिला शीतलच्या नऊवारीची झोळी बांधली. एसीवाला माणूस, गाठी पक्क्या मारल्या. झोळी मस्त झुलली.

माणसं फार नव्हती. महेशच्या ओळखीची रत्नागिरी-साताऱ्याकडची तीन कुटुंबं, समोरच्या फ्लॅटमधल्या वसईच्या फिलोमिनाबाई, ज्या स्वतः भाजलेला केक घेऊन आल्या, आणि नेकेसा. तिने शीतलच्या हट्टाने हिरवी साडी नेसली होती आणि दर पाच मिनिटांनी निऱ्या धरत होती. आईचा फोन घुगऱ्यांच्या पातेल्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर कपाळ हजर होतं.

वरवंटा फिरला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, करत बायकांनी तो झोळीखालून दिला, वरून घेतला. नेकेसाच्या हातात आला तेव्हा तिने वजन जोखून मान डोलावली, दगड पसंत पडला. फिलोमिनाबाईंनी क्रूस करून तो पुढे दिला, म्हणजे गोविंदाला तोही आशीर्वाद मिळाला. मग बाळाला झोळीत घातलं. मी वाकले, बायका माझ्या पाठीत हलके धपके घालू लागल्या, आणि मी तिच्या इवल्याशा कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं.

"काय सांगितलंस?" पातेल्याजवळून आवाज आला. "मोठ्यानं बोल."

"नेकेसा!" मी मोठ्यानं बोलले.

कपाळ हललं. "म्हणजे तुलापन त्यांनी फिरवलानी? तू माझ्याकडं भार्गवी बोलून गेलीस, कुसुम."

"आई, थांब. आधी पाळणा ऐक, मग काय ते बोल," मी म्हटलं, आणि झोळीला हात लावला.

समुद्रापल्याड झुलते झोळी,
मळ्यात कापतात भाताच्या ओळी,
भारा उचलते आत्या गं तुझी,
कापणीची लेक तू नेकेसा माझी,
जो जो गं नेकेसा, जो जो.

अशी पाच कडवी. एकात वांदरं पण आली. आजवर मी शेकडो बाळांना झोपवलं, पण स्वतःला कधी पाळण्यात आणलं नव्हतं. साताऱ्याच्या एका वहिनी डोळे पुसत होत्या, आणि शब्द न कळताही नेकेसा शेवटच्या ओळीला आपलं आणि बाळाचं नाव आलं की जोरात साथ देत होती. तिचा आवाज असा खणखणीत, की खालच्या कोल्ड स्टोअरवाल्याला ऐकू गेला असेल.

पाळणा संपला. पडद्यावरचं कपाळ गोठलं होतं. महेशला वाटलं नेटवर्क गेलं. तो फोन उचलायला गेला, तेवढ्यात आई बोलली.

"म्हणजे, तू वरच्या मळ्यात कापत होतीस, त्या दिवसाचं नाव हाय हे?"

"हो."

"असं करतात त्या लोकांच्यात?"

"असंच करतात."

"मग बरोबर हाय," आई म्हणाली. मग मलाच म्हणाली, "तू लावणीतली. शाळेत मास्तरानं काय तारीख लिवलीन ती खोटी. खालच्या खाचरात आवण लावत होते मी, अर्धी ओळ राहिली माझी. बाकीच्यांनी मला धरून वर आणलानी, नि तू झालीस. ती ओळ मग तुझ्या बापानं लावलीन."

हे मला आईने कधीच सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी कित्येकदा त्या खाचरात उतरले असेन. महेशने ते नेकेसाला हिंदीत सांगितलं. ती निऱ्या सोडून पुढे आली, माझ्या खांद्यावर तिने हात ठेवला आणि घरच्या माणसाने सांगावं तसं सांगितलं, "लगाने का टाइम? तो दीदी नाखुमिचा है."

"काय म्हणते ती?" आईने विचारलं.

"लावणीत झालेलीला त्यांच्यात नाखुमिचा म्हणतात," मी म्हटलं.

आईने ते नाव दोनदा तोंडातल्या तोंडात घोळवलं. दात नाहीत, त्यामुळे तिला ते नीट जमेना. एवढ्यात झोळीतलं बाळ जागं झालं आणि त्याने भोकाड पसरलं. सगळ्या बायका एकदम झोळीकडे वळल्या. तशी पातेल्याला टेकलेल्या फोनमधून, आम्हाला शेतातून घरी बोलावताना काढायची तसल्या आवाजात, आईने हाक मारली.

"अगो ए नाकुमिचा! बघत काय उभी रायलीस? उचल तिला, रडतेय ती!"

मी उचललं.